ओढून बघ

आमच्या घरी टीव्हीखालच्या खणात वायरचा एक वीतभर तुकडा आहे. बायकोने तो दोनदा कचऱ्यात टाकला आणि मी दोनदा काढून आणला. आता ती टाकत नाही. तुकड्याच्या मधोमध काळी टेप गुंडाळलेली होती, ती मी केव्हाच सोडवली. आत डाख दिलेला जोड आहे. तो अजूनही चकचकीत दिसतो. जोड संपतो तिथे मात्र वायर तुटलेली आहे आणि तुटल्या जागेपासून पुढे तांबं काळं पडलेलं आहे. हा जोड मी केला होता, माझ्या भावाच्या बोटीवर.

मी मूळचा अर्नाळ्याचा. आमचं घर कोळ्यांचं. आजोबा आणि बाबा दोघंही दर्यावर गेले, थोरला भाऊ अजून जातो. मला लहानपणापासून बोट लागायची. भरतीच्या लाटेवर होडी हलायला लागली की पोटातलं सगळं बाहेर. बाबांनी दोन-तीन मोसम वाट बघितली, मग म्हणाले, ‘याला जमिनीवरचं काहीतरी शिकवा.’ म्हणून आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, मग काही वर्षं वसईत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काढली. टीव्हीचा धंदा मंदावला तेव्हा इमारतींच्या वायरिंगची कामं घ्यायला लागलो. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटी उभी राहत होती. आजूबाजूला खाजण आणि मिठागरं, मध्ये इमारती. एकेका इमारतीत साठ-सत्तर फ्लॅट, प्रत्येक फ्लॅटला पंखे, दिवे, गीझर. कामाला तोटा नव्हता. पुढे तिथेच फ्लॅट घेतला. घर आणि अर्नाळ्याचा किनारा यांच्यात आता एक लोकल आणि एक बस एवढं अंतर आहे.

हे सांगायचं कारण असं, की मी हाताला चांगला कारागीर समजला जातो. त्यातही डाख देण्यात. टीव्हीच्या दुकानात उस्तादांनी शिकवलं होतं, डाख मोत्यासारखा बसला पाहिजे. मंद, दाणेदार दिसला तर तो कच्चा, चमकला तर पक्का. सर्किट बोर्डावर ते अगदी खरं आहे. पण बोर्ड एका जागी स्क्रूने घट्ट बसलेला असतो. बोट तशी बसलेली नसते, हे मला कळायला चाळिशी उलटून गेली.

२०१७ च्या पावसाळ्यात दादाने बोटीचं वायरिंग नवीन करायला सांगितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, सगळी डागडुजी तेव्हाच होते. मी आनंदाने गेलो. घरच्या बोटीसाठी माझा काही उपयोग होतोय याचं अप्रूप होतं. बरोबर एका साइटवरून उरलेलं दीड चौरस मिलिमीटरचं वायरचं बंडल घेतलं. चांगलं, आयएसआय मार्कचं. केबिनमधल्या बोर्डापासून डोलकाठीच्या बुडाशी एक वायर आणली, डोलकाठीवरून दिव्यांची दुसरी खाली उतरवली आणि दोन्ही तिथे जोडल्या. पीळ दिला, डाख दिला, वरून टेपचे चार वेढे. दादा बाजूला बसून बघत होता. म्हणाला, ‘दागिना केलास.’ ते वाक्य मी बायकोला घरी येऊन सांगितलं होतं.

डोलकाठीवरचे ते दिवे म्हणजे काय, हे जमिनीवरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. जाळं टाकून मासेमारी चालू असलेल्या, पण ट्रॉल न ओढणाऱ्या बोटीने रात्री वर लाल आणि खाली पांढरा असे चारी बाजूंनी दिसणारे दोन दिवे लावायचे असतात. हा आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरला आणि १९७७ पासून लागू आहे. दादाची बोट डोलीची. डोल जाळ्याला उधाणाचा जोरदार प्रवाह लागतो, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बोटी बाहेर असतात. बोट जाळ्याला बांधून उभी, प्रवाह फिरेपर्यंत थांबायचं, मग जाळं ओढायचं. पौर्णिमेला निदान चांदणं असतं. अमावास्येला त्या दोन दिव्यांशिवाय बोट आहे याची खूण नसते. लाकडी बोट रडारवरही नीट उमटत नाही. मोठ्या जहाजाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतो तो फक्त लाल आणि पांढरा ठिपका.

बाबांच्या काळात होडीवर कंदील असायचा. कंदील विझला तर कळायचं, काडी ओढून परत लावायचा. वायर आतून कुजत असते तेव्हा तसं कळत नाही.

खरं तर दिव्याने थोडं कळवलं होतं. डिसेंबरात दादाचा फोन आला, ‘वरचे दिवे मंद झालेत रे.’ मी म्हटलं, ‘बॅटरी नीट चार्ज होत नसेल, डायनॅमो बघून घे.’ त्याने बघून घेतला, ठीक होता. मी पुन्हा विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

२०१८ च्या जानेवारीत, पौष अमावास्येच्या उधाणात, रात्री दोनच्या सुमाराला दोन्ही दिवे एकदम गेले. बोट डोलीला बांधलेली. बोटीवर दादा, एक म्हातारे तांडेलकाका आणि तीन खलाशी. दिवे का गेले ते शोधत असतानाच दक्षिणेकडून एका जहाजाचे दिवे दिसले. लाल आणि हिरवा, दोन्ही एकदम. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकाच वेळी दिसले तर त्याचा अर्थ एकच, जहाजाचं तोंड तुमच्याकडे आहे.

पुढचं मी दादाकडून एकदाच ऐकलं, त्याने पुन्हा सांगितलं नाही. सगळे मोबाइलच्या बॅटऱ्या जहाजाकडे धरून ओरडत होते. तांडेलकाकांनी काठीला फडकं बांधून डिझेलमध्ये बुडवलं आणि पेटवलं. दादाने इंजिन मारलं, कोयत्याने दोर तोडला आणि बोट बाजूला काढली. जहाज गेलं तेव्हा त्याच्या लाटेने बोट इतकी कलली की फळीवरून पाणी आत आलं. माणसं वाचली. डोल गेली ती गेलीच. जहाजावरच्या कुणाला ते फडकं दिसलं की नाही, देव जाणे.

सकाळी दादाचा फोन आला तेव्हा मी एव्हरशाईनमध्ये एका फ्लॅटमध्ये झुंबर लावत होतो. शिडीवरच फोन घेतला. त्याने सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘कशाने गेले असतील?’

त्याने मला दोष दिला नव्हता, नुसतं विचारलं होतं. मी म्हणालो, ‘कुणीतरी वायर ओढली असणार. तो डहाणूचा पोरगा तिच्यावर गमछा वाळत घालतो. मी बघितलंय.’

मी खोटं बोललो नव्हतो. नोव्हेंबरात मासळी न्यायला गेलो होतो तेव्हा त्या पोराचा ओला गमछा डोलकाठीजवळच्या वायरवर टाकलेला मी खरंच पाहिला होता. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, आदिवासी पाड्यावरचा, पहिल्याच मोसमाला आलेला. मला काका म्हणायचा. दादा त्या दिवशी हादरलेला होता, त्यात जाळ्याचं नुकसान. त्याने पोराला फैलावर घेतलं. पोरगा म्हणाला, मी ओढली नाही. दादा म्हणाला, माझा भाऊ काय उगाच सांगतो? दोन दिवसांनी पोरगा हिशेब न करता निघून गेला. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी काही बोललो असतो असं वाटत नाही.

शिमग्याला अर्नाळ्याला गेलो तेव्हा दादाने प्लास्टिकच्या पिशवीतून हा तुकडा काढून दिला. नवीन वायर कुणाकडून तरी जोडून घेताना त्याने जुना जोड कापून ठेवला होता. म्हणाला, ‘तुजा जोड हाय तो. बघ तरी काय झाला.’

मी तो घरी आणला आणि बाल्कनीत बसून टेप सोडवली. मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. वायर ओढल्यानेच तुटली हे मला सिद्ध करायचं होतं. ओढून तुटलेल्या वायरची टोकं कशी दिसतात ते मला माहीत आहे. तांब्याचे तंतू ताणून बारीक होतात, त्यांना टोक येतं. इथे तसं काही नव्हतं. तंतू अगदी सपाट तुटले होते, जणू कुणी मोडले असावेत. जोडाच्या आत एकही तुटला नव्हता. सगळे तुटले होते ते डाख संपतो त्या रेषेवर.

टेपच्या आतला डिंक उन्हाने पातळ होऊन कडेला आला होता. टोक उघडलं होतं आणि तिथून पाणी शिरलं होतं. एकदा आत गेलेलं पाणी त्याच टेपने बाहेर येऊ दिलं नव्हतं. वायरचं वरचं आवरण मी ब्लेडने सोलत गेलो. एक इंच, दोन इंच, चार इंच. तांबं काळंच. कुठे कुठे हिरवी भुकटी. ज्या भागावर ना टेप होती ना जोड, जिथलं आवरण बाहेरून नव्यासारखं होतं, तिथेही आत काळं.

त्या बाल्कनीत मला जे समजलं ते पुढच्या काही महिन्यांत वाचून, विचारून पक्कं केलं. समईच्या वातीत तेल कसं चढतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. वायरमधले बारीक तंतू म्हणजे वातच. जोडापाशी खारं पाणी मिळालं की ते तंतूंच्या फटींतून आवरणाच्या आत चढत जातं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं तरी मीठ आत राहतं, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे मिठागराशेजारी राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. म्हणजे ती वायर आतून कधी कोरडी होतच नाही.

दुसरी गोष्ट डाखाची. वितळलेला डाखही त्याच वाटेने तंतूंत चढतो आणि थंड झाला की तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. पुढची वायर मऊच राहते. बोटीचं इंजिन चालू असताना सगळी बोट थरथरते. ताठ आणि मऊ यांच्या सीमेवर वायर दर क्षणाला थोडी वाकते. तार हाताने पुढेमागे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त सहा महिने लावून. माझा डाख जितका सढळ, तितकी ती सीमा कडक. बोटींच्या वायरिंगसाठी अमेरिकेत जी मानकं पाळतात त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की, वायर धरून ठेवण्याची जबाबदारी एकट्या डाखावर टाकू नये. माझ्या मुलाने ते शोधून वाचून दाखवलं. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

तिसरी गोष्ट त्या मंद दिव्यांची. ती मला त्या डिसेंबरातच कळायला हवी होती, कारण तो माझा रोजचा हिशेब आहे. बारा व्होल्टवर २४ वॉटचा बल्ब दोन अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सहा ओहम. कुजलेल्या जोडात एक ओहम जास्तीचा आला की पावणेदोन व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात आणि तारेच्या बल्बचा उजेड साधारण साठ टक्क्यांवर येतो. घरात २३० व्होल्टमधून पावणेदोन व्होल्ट गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी आयुष्यभर घरांची वायरिंग केली होती, भिंतीतल्या पाइपात निवांत पडून असलेल्या वायरींची. त्यांना थरथर माहीत नाही, मीठ माहीत नाही, आणि थोडी गळती त्यांना परवडते. दिवे मंद झाले, डायनॅमो ठीक आहे, एवढं ऐकल्यावर शिकाऊ पोरानेही म्हटलं असतं, जोड बघा.

राहिला गमछा. ओला गमछा असून असून किती जड असणार? अर्धा किलो? ज्या जोडाला गमछा पेलत नाही, तो जोड डोलकाठीच्या बुडाशी लावायच्या लायकीचाच नव्हता. पोराने तो रोज वाळत घातला असता तरी चूक त्याची नव्हती.

हे सगळं मार्चमध्ये कळलं. दादाला मी सांगितलं मेमध्ये. दोन महिने का लागले याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तो तुकडा खणात होता, मी रोज टीव्ही बघत होतो.

सांगितलं तेव्हा बोट नुकतीच वर ओढली होती. दादा फळ्यांवरची शेवाळ खरवडत होता. मी तुकडा दाखवून सगळं समजावलं, वात, डाख, ताठ आणि मऊ. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. तो खरवडायचं थांबला आणि म्हणाला, ‘मग त्या पोराला काय सांगायचा?’

मी म्हटलं, ‘मी सांगतो.’

‘तूच सांग,’ तो म्हणाला, ‘पण आधी बोट नीट कर.’

त्या पावसाळ्यात मी बोटीचं वायरिंग मुळापासून काढलं आणि नव्याने केलं. जे शिकलो ते इथे लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

सगळ्यात टिकाऊ जोड म्हणजे न केलेला जोड. म्हणून आधी मोजून, बोर्डापासून दिव्यापर्यंत अखंड वायर ओढली. वायर घेतली कलई केलेल्या तांब्याची. तिचे तंतू केसासारखे बारीक आणि चांदीसारखे दिसतात. कलईमुळे मीठ तांब्यापर्यंत सहज पोचत नाही आणि बारीक तंतूंमुळे वायर थरथर सोसते. लोहार चाळीत ती मिळाली नाही, दारूखान्याच्या बाजूला जहाजांचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणली. साध्या वायरच्या जवळपास तिप्पट किंमत पडली. दीड चौरस मिलिमीटर चाललं असतं, तरी अडीचची घेतली, गळती कमी व्हावी म्हणून.

जिथे जोड टाळताच येत नाही तिथे थिंबल दाबून बसवायचं. थिंबल वायरच्या मापाचंच हवं. सैल थिंबलात वायर दुमडून भरणं किंवा घट्ट थिंबलासाठी चार तंतू कापून टाकणं, या दोन्ही आमच्या धंद्यातल्या रोजच्या चोऱ्या आहेत. दाबायला पक्कड वापरायची नाही. क्रिम्पिंगचं चिमट्यासारखं हत्यार येतं, ते पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. मधेच सोडून द्यायची सोयच नाही त्यात. दाब पुरेसा बसला की थिंबल आणि तंतू एकमेकांत इतके चेपले जातात की मध्ये हवेलाही जागा उरत नाही. हवा नाही, पाणी नाही, मग कुजणार काय? शिवाय दाबलेल्या जागेच्या पुढे वायर मऊच राहते, डाखासारखी आत ताठ होत जात नाही.

थिंबल गोल कडीचं घ्यायचं, दोन पायांचं नाही. नट सैल झाला तरी कडी बोल्टवरून निसटत नाही. कडी थेट पितळी बोल्टच्या बैठकीवर बसवायची, वॉशर तिच्या वर, मध्ये नाही. मग दाबलेल्या भागावर आतून डिंक असलेली स्लीव्ह चढवायची आणि गरम हवेने आवळायची. दोन्ही टोकांना डिंकाचा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. तो दिसला की वात बंद झाली. जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभराच्या आत वायर क्लिपने धरायची, म्हणजे थरथर जोडापर्यंत पोचत नाही. आणि दिव्यात किंवा बोर्डात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. शेवटी बॅटरीपाशीच फ्यूज, म्हणजे वाटेत कुठे वायर टेकली तर आग लागायच्या आत तुटेल. आणि प्रत्येक जोड असा ठेवायचा की तो बघता येईल, हात घालता येईल.

हे काम अर्धं झालं होतं तेव्हा जुलैमधला तो पाऊस आला. २०१८ चा तो आठवडा वसई-विरारमधला कुणी विसरलेला नाही. लोकल बंद, मिठागरांत माणसं अडकलेली, एव्हरशाईनच्या रस्त्यांवर पाणी, आणि धोका नको म्हणून वीजही बंद. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे वायरमन मीटर रूम साफ करत फिरत होतो. एका इमारतीत भिंतीवर पाण्याची खूण गुडघ्यापर्यंत होती. मी वायर सोलली तर आतलं तांबं त्या खुणेच्याही वीतभर वर ओलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘वरचं कोरडं आहे, कशाला बदलता?’ मी त्यांना सोललेली वायर हातात दिली. हे गोडं पाणी होतं, गटाराचं म्हणा. बोटीवरचं तर खारं. तेवढं दाखवून मी वायर बदलली.

ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आधी, त्या पोराचा पत्ता लागला. तो सातपाटीला एका बोटीवर लागला होता. फोनवर सांगता आलं असतं. पण जे शिडीवरून फोनवर बोललो होतो ते फोनवरच निस्तरावं असं वाटेना. विरारहून डहाणूची लोकल पकडून पालघरला उतरलो, तिथून सातपाटी. बरोबर नेहमीची हत्यारांची पिशवी होती, ती माझ्या खांद्यावरून कधी उतरत नाही. खिशात दादाने दिलेलं पाकीट होतं, मोसमाचा राहिलेला हिशेब.

पोरगा बंदरावर जाळं भरत होता. मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, ‘वायर तू नव्हतीस ओढली. जोड माझाच कच्चा होता. मी तुझं नाव घेतलं ते चुकलं.’ एवढंच पाठ करून आलो होतो, एवढंच बोललो. त्याने पाकीट घेतलं, न मोजता खिशात घातलं. जरा वेळाने म्हणाला, ‘काका, मी तेव्हाच सांगितलेलं.’

‘हो,’ मी म्हटलं.

माफ केलं वगैरे तो काही म्हणाला नाही. मी तसं विचारायलाही गेलो नव्हतो. परत निघणार तेवढ्यात त्यांच्या तांडेलांनी पिशवी बघून विचारलं, ‘वायरमन का तुम्ही? केबिनचा दिवा लागतो-जातो, बघता काय जरा?’ मी बोटीवर चढलो. पीळ दिलेला जोड, वर टेप, अगदी माझ्याच हातचा वाटावा असा. तो कापला, काळं तांबं संपेपर्यंत मागे गेलो, नवीन वायर घातली. पोरगा बॅटरी धरून उभा होता. दोन्ही टोकं जोडनळीत दाबली. स्लीव्ह आवळायच्या आधी दाबलेला जोड ओढून बघायचा असतो, हाताच्या पुऱ्या जोराने. मी हात घातला आणि थांबलो.

‘तू ओढ,’ मी त्याला म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

‘ओढ. तुटला तर माझा जोड वाईट. तुझं काही नाही.’

त्याने बॅटरी दातांत धरली, दोन्ही हातांनी वायर पकडली आणि पाय फळीला लावून ओढली. अशी ओढली की मला वाटलं बोर्डच बाहेर येतो. जोड हलला नाही. त्याने पुन्हा एकदा ओढून बघितली, मग सोडली. मी स्लीव्ह आवळली, दिवा लावला आणि उतरलो. एव्हरशाईनला पोचायला रात्रीचे दहा वाजले.

आता बोटींवर वायरी वाढत चालल्या आहेत. वायरलेस, जीपीएस, मासे शोधणारं यंत्र. ३० ऑगस्ट २०२४ ला आमच्या पालघरातच पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशभराची योजना सुरू झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख यंत्रं, ३६० कोटी रुपये. तंत्र इस्रोचं. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचं भूमिपूजन होतं, ज्याला आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा विरोध आहे, त्यामुळे त्या दिवसाबद्दल घरोघरी वेगवेगळं बोललं जातं. यंत्राला मात्र कुणाचा विरोध नाही. संकटात असलेल्या बोटीला उपग्रहावरून निरोप पाठवता येणार असेल तर कुणाला नको आहे? पण तो निरोप उपग्रहापर्यंत पोचण्याआधी बोटीवरच्या दोन हात वायरमधून जायचा असतो, आणि ते दोन हात आमच्यासारख्या कुणीतरी जोडलेले असतात.

मी दरवर्षी जूनमध्ये अर्नाळ्याला जातो. दादाची बोट झाल्यावर शेजारच्या दोन-चार बोटी होतात. जोड मी दाबतो, पण ओढून मी बघत नाही. ज्याने केला तो जरा जपूनच ओढतो, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. जवळ जो खलाशी असेल त्याला बोलावतो, नवखा असेल तर आधी त्यालाच. त्याला वायर देतो आणि बाजूला होतो.